दोन्ही पाय जमिनीवर

मंगळवार, रात्री साडेदहा

दुपारी ताईने रविवारच्या हाफ मॅरेथॉनमधला माझा फोटो पाठवला. खाली तिचं नेहमीचं, 'छान आलाय गं.' छान कसला! सतराव्या किलोमीटरचा, दुसऱ्या चढाच्या वळणावरचा. मागे समुद्र निळाशार, जणू त्याचाच फोटो काढायला सगळे जमलेत. पुढे मी. नंबराची एक पिन निसटलेली, कागदाचा कोपरा वाऱ्याने हनुवटीपर्यंत आलेला. ते सोडा. मी बोटांनी फोटो मोठा करत करत पायांपाशी गेले आणि तिथेच अडकले. पुढच्या पायाची टाच टेकली आहे आणि मागचा चवडा अजून उचललेला नाही. दोन्ही पाय जमिनीवर.

रविवारपासून मी सांगत सुटले आहे की दोन चढ होते, पण एकदाही चालले नाही. आईला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, लिफ्टमध्ये कुणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. वेळेकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणूनही असेल. दोन तास बावन्न मिनिटं ही काही मिरवायची वेळ नाही. पण 'चालले नाही' हे माझं होतं.

धावताना प्रत्येक पावलागणिक एक क्षण माणूस पूर्ण हवेत असतो. चालताना कधीच नसतो. फरक एवढाच. चालण्याच्या शर्यतीत पंच रस्त्याच्या कडेला उभे राहून नेमकं हेच बघतात, कुणाचे दोन्ही पाय एकदम सुटत तर नाहीत ना. माझ्या वाट्याला पंच नाही, फोटोग्राफर आला. बाबा असते तर... असो.

आज ऑफिसात कुणी 'चालेल ना?' म्हटलं तरी दचकत होते.

मग घड्याळातले आकडे काढून बसले, जखम कोरत बसल्यासारखी. तो किलोमीटर दहा मिनिटं वीस सेकंदांचा. म्हणजे ताशी सहा किलोमीटरही नाही. सपाटीवर माणसाचे पाय ताशी साधारण सातच्या आसपास चालण्यावरून धावण्यावर येतात. त्याहून हळू जायचं तर चालणंच स्वस्त पडतं. म्हणजे मी तिथे धावत असले तरी तोट्यातच होते. फोटोत माझ्या पुढे एक नारिंगी टोपी आहे, जरा पुसट. हात मांड्यांवर टेकवून वाकून चालणारे ते काका. ते मला मागे टाकून गेले तेव्हा मला त्यांची कीव आली होती, बिचाऱ्यांना चालावं लागतंय म्हणून. नंतर दिसलेच नाहीत. मागे पडले नव्हते, हे नक्की.

खरं तर त्या चढाचा काही दोष नाही. दोष पहिल्या उताराचा, म्हणजे माझाच. सातव्या किलोमीटरला पोरासारखी हात पसरून खाली सुटले होते. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, त्यात ते आतून बारीक बारीक फाटतात, आणि ते बिल दोन दिवसांनी येतं. आज आलंय. सकाळी जिना कठडा धरून उलटा उतरले. शेजारच्या काकू बघत होत्या. शिवाय मी त्या वळणावर पोहोचेपर्यंत सव्वाआठ झाले होते, ऊन चढलं होतं. समुद्राआधी जमीन तापते आणि वारा पाण्याकडून सुटतो. पुढचे लोक तो सुटायच्या आत पोहोचलेले असतात. आमच्यासारख्यांच्या थेट तोंडावर. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता डोळ्यांत उतरतो. त्या वळणावर तो घामच होता का, हे फोटोत कळत नाही. मीही लिहिणार नाही.

जेवणानंतर पुन्हा मोठा करून बघितला. या खेपेला वेगळंच दिसलं. पुढचा गुडघा वाकलेला आहे. चालण्याच्या शर्यतीत पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली येईपर्यंत सरळ लागतो. म्हणजे मी तिथेही बाद! धावण्यात बसत नाही, चालण्यातही बसत नाही. एकटीच हसले, मांड्या दुखेपर्यंत.

शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर मात्र मी धावले, हे छातीवर हात ठेवून सांगते. एकवीस किलोमीटरला चिकटलेलं ते शेपूट. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची धावले, पुढे तेच अंतर कायम झालं, आणि त्याचं अर्धं केलं की हे उरतं. तिथे दोन्ही पाय हवेत होते. नक्की होते. तिथला फोटोच नाही, अर्थातच.

आत्ता ताईला लिहिलं, 'माझे पाय बघितलेस?'

लगेच उत्तर आलं, 'का गं, सुजलेत?'

हो म्हणून टाकलं.