पेटीतले गुलाब

लंडनला लेकीकडे जायचं ठरलं तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं की या वेळी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली गुलाबांची जलरंगचित्रं बघायची. छापलेली नव्हे, मूळ. मला वाटलं होतं, संग्रहालयात जाऊ, भिंतीवर असतील. भिंतीवर फारच थोडी असतात. बाकीची अंधारात, सपाट पेट्यांमध्ये ठेवलेली, आणि ती आधी लिहून मागवावी लागतात.

कारण आहे त्यांचा गुलाबी रंग. त्या काळी गुलाबासाठी रंगपेटीत मुख्यतः दोन रंग असत. एक कार्मिन, कोचिनील किड्यांपासून केलेला. दुसरा रोझ मॅडर, मॅडरच्या मुळांपासून केलेला. आपली आयुर्वेदातली मंजिष्ठा या मॅडरची सख्खी बहीण. कार्मिन दिसायला झकास, पण उजेडात उडतो. मॅडर त्यापेक्षा टिकाऊ, तरी बेफिकीर राहावं असा नाही. जलरंग उजेडाने किती उडतात यावर तिथे एवढा वाद पेटला की रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी त्याचे प्रयोग केले आणि १८८८ मध्ये अहवाल छापून आला. आजही जलरंगचित्रं मांडताना उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपासच ठेवतात. दालन अंधारं वाटलं तर कुरकुर करू नका, दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात.

मला बघायची होती ती आल्फ्रेड पार्सन्सची चित्रं. एलन विलमट ही एसेक्समधली गडगंज आणि हट्टी बागप्रेमी बाई. तिने १८९० च्या सुमारास पार्सन्सला गुलाबाच्या जाती रंगवायला बसवलं. त्यांचा ‘द जीनस रोझा’ हा ग्रंथ १९१० ते १९१४ या काळात भागाभागाने निघाला, म्हणजे राणी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर. पण हात आणि नजर आधीच्याच काळातली. मूळ चित्रं रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या लिंडली लायब्ररीत आहेत, व्हिन्सेंट स्क्वेअरला. व्हिक्टोरिया स्टेशनवरून चालत जाता येतं.

काही आठवडे आधी ईमेल करा, आणि ‘गुलाबाची चित्रं’ असं मोघम लिहू नका. चित्रकार आणि ग्रंथ यांची नावं द्या. चित्रं नेमकी कुठे आणि कोणत्या दिवशी दाखवतील तेही विचारून घ्या. शिसपेन्सिल न्या, अशा ठिकाणी पेन आत नेऊ देत नाहीत. फोटोचं आधी विचारा. छोटं भिंग मात्र विसरू नका. मी विसरले, आणि लेकीने घरातून निघताना “आई, भिंग घेतलंस का?” असं विचारलं होतं, हेही इथे कबूल करते.

मूळ चित्र आणि ग्रंथातलं छापील पान, दोन्ही मागा. शेजारी ठेवल्यावर कळतं की विलमटबाई छपाईवर का चिडली होती. पार्सन्सने पाकळीच्या कडेला कागद नुसता कोरा सोडलाय, तोच उजेड. छपाईत तिथे रंगाचा थर येतो आणि पाकळी जड होते. शिवाय पाकळ्यांवरच रेंगाळू नका. गुलाबाची जात ओळखायची तर काटे सरळ की वाकडे, देठावर ग्रंथी आहेत का, पानाच्या बुडाशी उपपर्णं, म्हणजे इवलीशी जोडपानं, कशी चिकटलीत, हे बघतात. वनस्पतिचित्रकाराचं खरं कसब तिथे दिसतं. भरगच्च फुलापेक्षा पाच पाकळ्यांचा रानगुलाब जास्त मन लावून रंगवलेला दिसतो, कारण त्यात पुंकेसर मोजता येतात.

हिरव्याची एक गंमत. दुकानात ‘हूकर्स ग्रीन’ मिळतो तो लंडनमधल्या क्यू या वनस्पतिबागेच्या प्रसिद्ध हूकर बापलेकांच्या नावाचा नव्हे. लिंडली लायब्ररीवाल्या सोसायटीसाठी फळं रंगवणाऱ्या विल्यम हूकर नावाच्या चित्रकाराचा तो. प्रशियन ब्लू हा निळा आणि गॅम्बोज हा पिवळा, यांचं मिश्रण.

दुसऱ्या दिवशी क्यू गार्डन्स. तिकीट महाग आहे, पण दोन्ही चित्रदालनं त्यातच येतात. चित्रकार मेरियन नॉर्थच्या दालनात (१८८२) आठशेवर चित्रं भिंतभर खेटून लावलीत, बघून छाती दडपते. मात्र ती तैलरंगातली, जलरंग शोधत बसू नका. शेजारी २००८ मध्ये उघडलेलं शर्ली शेरवुड दालन, तिथली प्रदर्शनं बदलतात; काय लागलंय ते बघूनच दिवस ठरवा. मला क्यूमध्ये आठवली ती मटिल्डा स्मिथ. जन्म १८५४ चा, आपल्या मुंबईतला. १८७८ पासून तिने ‘कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन’साठी २,३०० च्या वर चित्रं काढली. ते मासिक तेव्हा एकरंगी छापून प्रत्येक प्रत हाताने रंगवत. मुंबईत तिची आठवण निघालेली मी तरी कधी ऐकली नाही.

आता माझी चूक. मी आधी कागद बघितला, मग फूल. उलटं करा. हॅम्पशरमधल्या मॉटिसफॉन्टच्या बागेत भिंतींआड १९०० पूर्वीचे गुलाब जपलेत. वॉटर्लूहून निघा, सॉल्सबरीला गाडी बदला, मॉटिसफॉन्ट अँड डनब्रिजला उतरा, पुढे अर्धा तास पायी. हे जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलतात, त्यामुळे जूनचा मधला पंधरवडा सोडून जाण्यात अर्थ नाही. सकाळी दार उघडताच पोहोचा. अकरानंतर पायवाटांवर वारीसारखी गर्दी होते. ‘मादाम इझाक पेरेर’ या गुलाबाजवळ उभी राहिले आणि आजीची गुलकंदाची बरणीच आठवली. ते रूप बघून मग पार्सन्सकडे गेले असते, तर त्याने मिटलेल्या कळीवरचा जांभळट रंग कुठून आणला ते तिथल्या तिथे कळलं असतं.

रंग घ्यायचा असेल तर ब्रिटिश म्युझियमजवळ कॉर्नेलिसन हे १८५५ पासूनचं दुकान आहे. खरा रोझ मॅडर मागा, नकली स्वस्त असतो. खिशाकडे बघून छोटी ट्यूब घ्या.

विलमटबाईचं घर, वॉर्ली प्लेस, बघायची हौस जावयाने पुरी केली. ब्रेंटवुडपर्यंत एलिझाबेथ लाइन ही रेल्वे जाते. बंगला १९३९ मध्ये पाडला, आता तिथे निसर्गराखीव जागा आहे. पडक्या भिंती, झाडोरा, डास. एकही गुलाब दिसला नाही. जायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, तेव्हा तिथे स्नोड्रॉप आणि डॅफोडिल फुलतात, आणि पायात जाड बूट घाला.