उतावीळमधला ‘वी’ दीर्घ

वाईच्या आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचा, स्मरणिकेसाठी बाईंवर लिही, असा निरोप आला त्याच रात्री मी हे मनोगत लिहून काढलं आणि बारा चाळीसला पाठवूनही दिलं. सकाळी चहा घेताना वाचलं, तर बाई चौथ्या परिच्छेदात उगवत होत्या, त्याआधी सगळी मीच. समितीतल्या वर्गमित्राला फोन लावला, ‘अरे, ते रद्द कर.’ तो म्हणाला, ‘उघडलंच नाहीये अजून. म्हटलं, सकाळी तुझा फोन येणारच.’ १९८४च्या दहावीच्या तुकडीत चाळीस वर्षांनंतरही माझी ही पत आहे. तेव्हा हा दुसरा मजकूर.

शाळेत बाई पुष्कळ होत्या. भूगोलाच्या बाई, शिवणाच्या बाई, प्रार्थनेला पेटी वाजवणाऱ्या बाई. पण मागेपुढे काही न लावता नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्या मराठीच्या. विहिरीकडच्या व्हरांड्यातून त्या येताना दिसल्या की आठवी ‘ब’ आपोआप गप्प व्हायची. हे त्या वेळच्या कुणालाही सांगायला नको आणि आत्ताच्या मुलांना सांगून पटायचं नाही.

मी सातव्या महिन्यातच जन्मले. ‘तिथंसुद्धा हिला दम निघाला नाही,’ असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तवा तापायच्या आधी भाकरी टाकणार, गोष्टीचं पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणार, सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणार आणि तेही भलत्याच प्रश्नाचं. सहामाहीच्या पेपरात ‘खालीलपैकी कोणत्याही एका विषयावर निबंध लिहा’ असं होतं. मी तिन्ही विषयांवर लिहिले आणि जोडाक्षरांचा प्रश्न राहून गेला. वर्गातली पोरं मला ‘उतावळी बावरी, म्हाताऱ्याची नवरी’ म्हणून चिडवायची. सगळे सांगायचे, सावकाश. अगं सावकाश. ज्याला ताप आलाय त्याला ‘तापू नकोस’ म्हणावं तसं.

बाईंनी हा शब्द माझ्यासाठी एकदाही वापरला नाही. त्यांनी मला हस्तलिखिताच्या कामाला लावलं. वर्षाअखेरीस निघणारं आपलं हस्तलिखित, जाड पांढरा कागद, टाक आणि काळी शाई. टाकाने लिहायचं म्हणजे ओळ संपली की टिपकागद लावून थांबावं लागतं, नाहीतर हात पुढे सरकतो आणि मागचं सगळं फराटून जातं. मी पहिल्या दिवशी सात कागद नासवले. बाई रागावल्या नाहीत, त्यांनी ते सात कागद मोजून माझ्या दप्तरात घातले. ‘कागद शाळेचे होते, घाई तुझी होती. घरी ने.’ ते कागद आईनं मार्चपर्यंत डब्यांच्या तळाला घातले.

पण मला सांगायचंय ते पोस्टाच्या पेटीबद्दल.

मी नववीत होते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला. पहिला आला तो मुलगा नुकताच बाहेरगावाहून आला होता. बक्षीस घेताना तो परीक्षकांना ‘काका’ म्हणाला, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. झालं. काकांनी पुतण्याला नंबर दिला! शनिवारची सकाळची शाळा सुटली, घरी जाऊन मी दप्तर फेकलं आणि साताऱ्याच्या एका दैनिकाला पत्र लिहिलं. ‘वशिलेबाजी’ हा शब्द त्यात तीनदा होता. पत्ता घातला, डिंकाची वाट न बघता भाताचं शीत लावून पाकीट चिकटवलं आणि गणपती आळीच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं. मग, कौतुक नको का व्हायला, कच्चा कागद घेऊन थेट बाईंच्या घरी गेले.

बाईंचं जेवण नुकतंच झालं होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

‘पाठवलंस?’

‘हो.’

‘कधी?’

‘आत्ताच. पेटीत टाकूनच आले.’

बाईंनी पायात चपला सरकवल्या आणि मला घेऊन निघाल्या. पेटीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर टपाल काढायची वेळ होती साडेचार. आम्ही पोहोचलो तेव्हा दोन वाजायला आले होते. फेब्रुवारीतलं ऊन, पण दगडी पायरी तापलेली होती. बाई पेटीला लागून असलेल्या त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं. ‘आता बसायचं,’ एवढंच म्हणाल्या. उपदेश नाही, की ‘बघ काय केलंस’ नाही. त्यांच्या पिशवीत वह्या होत्या, त्या तपासत बसल्या. मी काय करणार? मी रस्ता बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा अडीच तास एका जागी बसून मी एक रस्ता बघितला. हळदीच्या पोत्यांची बैलगाडी गेली, तिच्या मागे पिवळी धूळ. घाटावरून ओले कपडे घेऊन बायका आल्या. आणि तीनच्या सुमाराला सायकलवरून तोच मुलगा आला. समोरच्या सायकलवाल्यापाशी थांबला. ‘काका, हवा भरायचीय.’ मग रसवंतीवाल्याला, ‘काका, सुट्टे आहेत का?’ मग आपल्या शाळेचे शिपाई दिसले, तर त्यांनाही, ‘काका, शाळा उघडी आहे का हो?’

आमच्याकडे तोवर अप्पा, नाना, मामा असा रिवाज. दिसेल त्याला काका म्हणणारा हा पहिलाच. माझ्या पोटात खड्डा पडला. बाईंनी वहीतून मान वर केली नाही. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारता येणार नाही.

चार वाजले, साडेचार वाजले, पोस्टमन येईना. पावणेपाच झाले. आणि मग मी जे बघितलं ते वर्गात कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. बाई उठल्या, पेटीवर हाताने दोन थापा मारल्या आणि म्हणाल्या, ‘किती वेळ लावतो हा मेला!’ त्या क्षणी मला कळलं की बाई माझ्याच जातीच्या आहेत. कशाच्या जोरावर त्या तासन्‌तास वह्या तपासतात, कोण जाणे. मी हसले. त्यांनी डोळे वटारले, पण हसू त्यांनाही आवरेना.

पोस्टमन आला, कॅनव्हासच्या पिशवीत त्यानं सगळं ओतलं आणि पाकीट द्यायला साफ नकार दिला. ‘बाई, पेटीत पडलं की ते पोस्टाचं.’ बरोबरच होतं त्याचं. मग त्याच्या मागोमाग पोस्टात. पोस्टमास्तरांनी लेखी अर्ज मागितला. पहिल्या अर्जात मी तारीख घातली नाही, दुसऱ्यात विषय लिहिला नाही. तिसरा अर्ज त्यांनी पाकिटाशेजारी ठेवला, चष्मा वर करून अक्षर ताडून बघितलं आणि पाकीट बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते तसंच माझ्या हातात दिलं. मी फाडायला घेतलं तर म्हणाल्या, ‘थांब, आधी एक चूक बघ.’ पाकीट उघडायला लावलं. पत्रात मी लिहिलं होतं, ‘परीक्षकांनी उताविळपणे निकाल दिला.’ बाईंनी लाल पेन काढलं, पोस्टाच्या उंच टेबलावर कागद ठेवला आणि तिथल्या तिथे वेलांटी बदलली. ‘उतावीळ. शेवटचं अक्षर अकारान्त, म्हणून आधीची वेलांटी दीर्घ. गरीब, वकील, उतावीळ. भिंतीवर शुद्धलेखनाचे अठरा नियम कशाला लावलेत मी?’ आणि मग, ‘आता फाड.’

परतताना आम्ही अर्धा-अर्धा ग्लास रस घेतला. पैसे देताना मी त्या माणसाला ‘काका’ म्हणाले.

त्या उन्हाळ्यात बाईंनी मला गंगापुरीत मराठी विश्वकोशाच्या कचेरीत नेलं. आपल्या गावाला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं. विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी रस्त्यात दिसायचे, लोक नमस्कार करायचे आणि भाजी घ्यायला पुढे जायचे. आत एकेका नोंदीच्या मुद्रितांवर वाचून वाचून खुणा केलेल्या, समासात बाण, प्रश्नचिन्हं. एक जण एका ओळीकडे बोट ठेवून मी खोलीत असेपर्यंत नुसता बघत होता. मला ते अमानुष वाटलं. बाईंनी कपाटातून पहिला खंड काढला, १९७६चा, आणि पुठ्ठ्यावरची अक्षरं दाखवली : ‘अंक ते आतुर चिकित्सा’. ‘बघ, पहिला खंड तुझ्यापाशी येऊन थांबलाय.’ आतुर म्हणजे तिथे रोगी, हे मला घरी गेल्यावर कोशात कळलं. म्हणजे बाईंनी बोलून घेतलंच होतं! विसावा खंड २०१५ साली पुरा झाला, तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते आणि माझ्या खणात अकरा कादंबऱ्यांची पहिली प्रकरणं होती. दुसरं प्रकरण एकीचंही नाही.

स्मरणिकेत स्वतःबद्दलही थोडं लिहायचं असतं म्हणून लिहिते. दोन कथासंग्रह झाले, सदरलेखन नऊ वर्षं झालं आणि गेली काही वर्षं मी मालिकांचे संवाद लिहिते. या धंद्यात माझा रोग गुण ठरला. अकरा वाजता वाहिनीवरून फोन येतो की सासू आजारी पडलीय, खरीखुरी, नटी. तिच्याशिवायचे तीन प्रसंग चारपर्यंत पाहिजेत. मी दोनला देते. युनिटमधली पोरं मला ‘एक्सप्रेस’ म्हणतात. आपल्याकडे मेणवलीच्या घाटावर तर कायम कुठलं ना कुठलं शूटिंग लागलेलं असतं, तिथं मी गेल्या वर्षी लेखिका म्हणून खुर्चीवर बसले होते. नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या त्या घंटेखाली उभं राहून बाईंना फोन करावा असं फार वाटलं.

पण सगळं काही निभावून गेलं असं नाही. दोन नोकऱ्या मी रागाच्या भरात सोडल्या, आणि त्यातल्या एकीचा राग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही. एका प्रकाशकाला रात्री एक वाजता असा निरोप धाडला की तो अजून माझ्याशी बोलत नाही. आणि सदराच्या दिवसांतली ती गोष्ट. मोबाइलवर आलं की तमाशातल्या एक जुन्या नामवंत कलावंतीण गेल्या. मी लहानपणी त्यांना एका जत्रेत ऐकलेलं. डोळ्यांत पाणी आलं, चाळीस मिनिटांत श्रद्धांजली लिहिली, पानाची वेळ टळत होती म्हणून तिकडेही कुणी विचारलं नाही, सकाळी छापून आली. आठ वाजता त्यांच्या नातवाचा फोन. ‘आजी चहा पितीया. बोला तिच्याशी.’ माझी जीभ टाळ्याला चिकटली. पलीकडून खणखणीत आवाज आला, ‘लई ग्वाड लिवलंयस बाय. मेल्यावर मला कोण वाचून दाखवणार होतं? पर माझी लावणी दुसरीच्या नावावर घातलीस, तेवढं बघ.’ म्हणजे जिवंत माणसाला मारलं ते चाललं, लावणी चुकली ते नाही. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला. त्या खुलाशात मी त्यांच्या गावाचं नाव चुकवलं होतं, ते नवऱ्यानं पाठवायच्या आधी पकडलं.

तेव्हापासून घरात एक व्यवस्था आहे. रागाचं, प्रेमाचं आणि मृत्यूचं काहीही लिहिलं की मी ते छापून काढते आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली ठेवते. सकाळी भाकरीला पीठ काढताना ते हाताशी येतं. निम्म्या वेळा मी ते तसंच पाठवते, एक शब्दही न बदलता. बाईंना हे आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी मला काही पाठवू नकोस असं म्हटलंच नव्हतं.

शाळेत मागच्या वर्षी येऊन गेले. विहीर बुजवलीय, व्हरांड्याला जाळी लागलीय, मराठीच्या वर्गात संगणक आहेत. अठरा नियमांचा तक्ता कुठे गेला, हे कुणालाच सांगता आलं नाही. शिपाईकाकांच्या जागी आलेल्या मुलानं मला ओळखपत्र मागितलं, ते त्याचं कामच आहे, पण मला राग आला. गणपती आळीच्या कोपऱ्यावर पेटी नाही. पायरी आहे, तिच्यावर मोटारसायकली लावतात. हस्तलिखितं कपाटात आहेत का, तेही कळलं नाही. असतील तर आमच्या वर्षाच्या अंकात पान ३२वर शाईचा मोठा डाग आहे, तो माझा.

बाईंकडे शेवटची गेले ती पुण्यात, त्यांच्या मुलीकडे. ऐकू कमी येत होतं. मी भराभरा सांगत सुटले, मालिका, पुस्तकं, मुलगा कॅनडाला. बाईंनी हात वर केला. मला वाटलं आता म्हणतात, सावकाश. त्या म्हणाल्या, ‘पुढे सांग ना, थांबलीस का?’

समितीला दोन विनंत्या. मुद्रितं तपासणाऱ्यानं शीर्षकातली वेलांटी तेवढी बघावी. आणि स्मरणिकेची एक प्रत बाईंच्या मुलीला पुण्याच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवावी, तिकिटाचे पैसे मी भरते. मजकूर पिठाच्या डब्याखाली आठ दिवस ठेवायचं ठरवलं होतं. चौथा दिवस आहे.