नवा मिररलेस, जुना फ्लॅश आणि मधूनच येणारी काळी फ्रेम

मॅक्रोसाठी, म्हणजे किडे-कोळी अगदी जवळून टिपायला, घेतलेला मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा आता हातात बसतोय. बटणं अंधारात चाचपून सापडतात, फोकस पीकिंगची (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवण्याची) सवय झाली, जुनी १०० मिमी मॅक्रो लेन्स अडॅप्टरवर बिनतक्रार चालते. घोडं अडलं होतं फ्लॅशपाशी. आधीच्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) कधीही दगा न दिलेला फ्लॅश, तोच घरी केलेला डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारं झाकण), आणि नव्या कॅमेऱ्यावर मात्र चांगल्या फ्रेमांच्या मधूनच एखादी ठार काळी. पावसाळ्यात आंबोलीला जायचंय. तिथल्या जांभ्याच्या सड्यावरचा आंबोली टोड किंवा वेलीवरचा चापडा साप काही 'परत एकदा' म्हटल्यावर थांबणार नाही. म्हणून त्याआधी गच्चीतल्या कुंड्यांवर आणि घरातल्या भिंतीवर सगळा निकाल लावायला घेतला.

'फ्लॅश चालत नाही' या एका तक्रारीत खरं तर दोन वेगळ्या तक्रारी असतात. एक, फ्लॅश पडतच नाही. दुसरी, पडतो, पण त्याचा उजेड फोटोत येत नाही. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट्या बाजूला आहेत, आणि नुसती काळी फ्रेम बघून कुठली तक्रार आहे ते कळत नाही. शिवाय फोटो टिपतानाच्या क्षणी मिररलेसचा व्ह्यूफाइंडर बहुधा काळा होतो, त्यामुळे डोळ्यालाही पुरावा मिळत नाही. (डीएसएलआरमध्ये गणित उलटं होतं: फोटोचा फ्लॅश व्ह्यूफाइंडरमधून दिसला तर समजायचं की आरसा वर नसताना पडला, म्हणजे फोटोत नाही.)

यावर मोबाइल उपयोगी पडला. शेजारच्या स्टुलावर तो व्हिडिओ मोडवर लावून ठेवला. खोलीत अंधार, समोर पांढरी भिंत, आयएसओ १००, एफ/८, शटर १/१६०, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६, म्हणजे पूर्ण ताकदीच्या सोळाव्या भागावर. या सेटिंगला फ्लॅशशिवाय फोटो पूर्ण काळा यायला हवा. आला की मग फोटोत जो उजेड दिसेल तो फ्लॅशचाच. नंतर व्हिडिओ आणि फोटो शेजारी ठेवून बघितले. काळ्या फ्रेमा एका जातीच्या नव्हत्याच.

आधी न पडणारा फ्लॅश. इथे पहिला संशय सेलवर जातो, आणि तो रास्त असतो. माझ्या फ्लॅशला एए आकाराचे चार रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल लागतात, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकापुढे एक जोडलेले. चार बैलांच्या नांगराला एक बैल बसला की बाकीचे तीन कितीही तगडे असोत, नांगर तिथेच. इथेही तसंच होतं. मल्टिमीटरने नुसता व्होल्टेज मोजला तर चारही सेल शहाण्यासारखे १.३ दाखवतात. खरी परीक्षा भार पडल्यावर. म्हणून प्रत्येक सेल वेगळा मोजणाऱ्या चार्जरवर चौघांना पूर्ण डिस्चार्ज करून पुन्हा भरलं, तेव्हा एकाची क्षमता बाकीच्यांच्या निम्म्यावर आलेली सापडली. तो आता टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. घरातल्या बाकीच्या सेलांचे संच पाडून मार्करने अ, ब, क लिहिलंय, आणि अ मधला सेल ब मध्ये जाऊ द्यायचा नाही हा घरात नियम केलाय. रिमोटवाल्यांनाही सांगून ठेवलंय.

अल्कलाइनचे १.५ व्होल्ट वाचून कुणी मोहात पडू नका. त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे फ्लॅशला एकदम लागणारा मोठा प्रवाह देताना ते धापा टाकतात आणि सेल जुना होईल तसतसा रिसायकलचा (फ्लॅश पुन्हा तयार होण्याचा) वेळ वाढत जातो. शिवाय बऱ्याच फ्लॅशचा तयारीचा दिवा कपॅसिटर (फ्लॅशची वीज साठवणारा भाग) पूर्ण भरायच्या आधीच लागतो. दिवा लागला म्हणून लगेच शटर दाबलं तर फ्लॅश पडतो, पण अशक्त. मी आता दिवा लागल्यावर एक श्वास घेऊन मगच दाबतो.

सेल बदलल्यावर काळ्या फ्रेमा कमी झाल्या, संपल्या नाहीत. आता मजेचा भाग. भिंतीसमोर कॅमेरा सरळ धरला की सगळं सुरळीत, आणि कुंडीतल्या कोळ्यावर खाली झुकवला की गडबड. फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबलं की दर वेळी पडतोय, म्हणजे फ्लॅशची तब्येत ठीक. मॅन्युअलवर कॅमेऱ्याकडूनही जवळजवळ नेहमी पडतोय, टीटीएलवर (कॅमेरा लेन्समधून उजेड मोजून फ्लॅशची ताकद स्वतः ठरवतो तो मोड) मात्र रुसतोय. इथे हॉट शूची (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेची) रचना माहीत असलेली बरी. मधला मोठा संपर्कबिंदू जवळजवळ सगळ्या कंपन्यांत सारखा. तो बाजूच्या पट्टीशी जोडला गेला की फ्लॅश पडतो, बस. आजूबाजूच्या छोट्या पिना म्हणजे त्या त्या कंपनीची खासगी बोली, टीटीएलचा सगळा संवाद त्यांच्यावरून. मॅन्युअल चालतंय आणि टीटीएल अडतंय, तर आधी पिनांकडे बघायचं.

खरा गुन्हेगार निघाला डिफ्यूझर. फोम शीट आणि पुठ्ठ्याचा तो डबा लेन्सच्या पुढेपर्यंत येतो, कॅमेरा झुकला की त्याच्या वजनाने फ्लॅशचा पाय मागून केसभर उचलला जातो. जुन्या कॅमेऱ्याचा शू घट्ट होता, याचा जरा सैल आहे. इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्हीकडचे संपर्क पुसले, इअरबड काळाकुट्ट झाला, थोडा फरक पडला. पण खरा फरक पडला तो डिफ्यूझर कापून आखूड केल्यावर आणि त्याच्या पुढच्या टोकाला लेन्स हूडवर टेकू दिल्यावर. आता कॅमेरा उलटा धरला तरी फ्लॅश हलत नाही.

नवा कॅमेरा घेणाऱ्यांनी दुकानातच शू बघून घ्यावा. कॅननच्या २००डी मार्क टूमध्ये तो मधला संपर्कबिंदूच नाही, त्यामुळे फक्त त्याच एका बिंदूवर चालणारे साधे फ्लॅश आणि ट्रिगर (दूरचा फ्लॅश पाडणारी यंत्रं) तिथे पडतच नाहीत. दुरुस्तीला नेऊन काही होणार नाही. उलट बाजूने, वडिलांच्या काळातला फिल्म कॅमेऱ्याचा फ्लॅश कपाटात असेल तर तो नव्या कॅमेऱ्यावर चढवण्यापूर्वी मधल्या बिंदूवरचा व्होल्टेज मोजा. व्हिविटार २८३ च्या सुरुवातीच्या काही फ्लॅशमध्ये तो २०० च्या वर असतो, आणि कॅमेरा किती सहन करतो हे मॉडेलनुसार बदलतं. फ्लॅश उघडायचा मात्र नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास भार असतो आणि सेल काढल्यावरही तो राहतो.

दुसरी जात: फ्लॅश पडला, फोटो काळा. इथे नव्या कॅमेऱ्याचे स्वभाव समोर आले. फोकस ब्रॅकेटिंग (फोकस थोडा थोडा सरकवत कॅमेऱ्यानेच ओळीने फोटो घेणं) लावलं की मधूनच नाही, ओळीने सगळ्याच फ्रेमा काळ्या. कारण बऱ्याच मिररलेसमध्ये ब्रॅकेटिंग इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं. त्यात सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो, सगळ्या ओळी एकाच क्षणी उघड्या मिळतील याची खात्री नसते, म्हणून कॅमेरा फ्लॅशला हुकूमच देत नाही. सायलेंट मोडमध्येही तेच. (ही काटेकोरपणे पहिली जात, पण दोष सेलचा किंवा शूचा नाही, शटरचा, म्हणून इथे.) सोनीच्या २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ए९ थ्रीमध्ये ग्लोबल शटर (सगळ्या ओळी एकाच वेळी टिपणारं) असल्याने हा प्रश्नच उरत नाही. पण त्या किमतीत आमची आंबोली पुढची कित्येक वर्षं होईल, तेव्हा पाय स्थिर ठेवून हातानेच फोकस सरकवणं सुरू आहे.

गच्चीवर पानामागे दुसरा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे मुख्य फ्लॅशचा उजेड दिसला की पडेल असा, ठेवला होता, त्याचीही एक गोष्ट. मुख्य फ्लॅश टीटीएलवर असेल तर खऱ्या उजेडाआधी तो एक मोजणीचा प्री-फ्लॅश सोडतो. साध्या एस१ मोडमधला स्लेव्ह त्यालाच खरा समजून पडून मोकळा होतो, आणि शटर उघडेपर्यंत रिकामा. एस२ मोड पहिला फ्लॅश सोडून देतो, तिथे जमतं.

काही फ्रेमा काळ्या नसून नुसत्या अंधाऱ्या होत्या, त्यांचं कारण फ्लॅशमध्ये नव्हतंच. लेन्स १:१ पर्यंत (विषय सेन्सरवर खऱ्या आकारात पडेल इतकी जवळ) नेली की लावलेला एफ/११ प्रत्यक्षात साधारण एफ/२२ सारखा वागतो, उजेड चौथाईवर येतो. टीटीएल ते सांभाळून घेतं. मॅन्युअलवर दोन स्टॉप, म्हणजे उजेड दोनदा दुप्पट, आपणच वाढवायचे, १/१६ चा १/४ करायचा. त्यात रिसायकल लांबतं, म्हणून मी आयएसओ ४०० करून १/१६ वरच राहतो. आजच्या सेन्सरला ४०० म्हणजे काहीच नाही.

आत्ताची स्थिती अशी: मॅन्युअल, संच अ, आखूड डिफ्यूझर, यांत्रिक शटर, १/१६०. काल रात्री जंपिंग स्पायडरने माशी संपवेपर्यंत मागे बसलो होतो, एकही फ्रेम गेली नाही. स्लेव्ह मात्र दाट पानांत मुख्य फ्लॅशचा उजेड न दिसल्याने अजून चुकतो. त्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ ट्रिगर मागवलाय. तो याच सैल शूवर बसणार आहे, तेव्हा आधी त्याच्या पायाखाली टेपची एक पट्टी लावून बघेन, पिना मोकळ्या ठेवून.