गणेशोत्सवात तेय्यम का आणत नाही?

दर श्रावणात आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाची बैठक भरते आणि कुणीतरी मला विचारतेच, की केरळात कण्णूरला तुमच्या एवढ्या ओळखी आहेत, मग एकदा तेय्यम का आणत नाही, लोकांना वेगळी संस्कृती बघायला मिळेल. तेय्यम म्हणजे तिकडचा विधी, ज्यात खालच्या मानलेल्या जातींतला कलावंत देव होऊन नाचतो, बोलतो. आतापर्यंत मी एकच कारण देत आले: तेय्यमचा हंगाम ऑक्टोबरअखेरीस सुरू होतो, मेअखेरीस संपतो आणि भाद्रपदात तो नसतो. कारण खरे आहे, पण ते पळवाट म्हणून वापरले, हेही खरे. हंगाम नसतो तेव्हाच कलावंतांना काम हवे असते, हे मला चांगले ठाऊक आहे.

तेय्यम मी पहिल्यांदा पाहिले ते पुण्यातच, मंचावर, दहा मिनिटांचे. मी भारावून टाळ्या वाजवल्या होत्या आणि त्याबद्दल आज मला लाज वाटत नाही. त्या टाळ्यांमुळेच तर मी पुढे कण्णूरजवळच्या एका कावूत, म्हणजे त्यांच्या देवराईत, एका सहकाऱ्याच्या काकांबरोबर रात्रभर जागले.

त्या रात्री पोट्टन तेय्यम होते. काशीत शंकराचार्यांना आडवा आलेला चांडाळ आपल्याला त्यांच्या मनीषापंचक या स्तोत्रामुळे माहीत असतो. तिकडे तो शिवरूप चांडाळच पोट्टन होऊन येतो आणि तुम्हाला कापले तरी रक्तच, आम्हाला कापले तरी रक्तच, असे ज्यांना सुनवायचे त्यांच्या तोंडावर सुनावतो. नारळाच्या कोवळ्या झावळ्यांचा घोळ नेसलेला तो माणूस पहाटे निखाऱ्यांच्या ढिगावर आडवा झाला आणि थंडी वाजते म्हणाला. मग त्याने माझा हात हातात घेतला, तळव्यावर हळद ठेवली आणि बराच वेळ काहीतरी सांगितले. मला मल्याळम येत नाही, पण हात सोडवून घ्यावासा वाटला नाही. शेजारी काका, गावातले जुने जमीनदार, कमरेत वाकून उभे होते.

तासाभराने आम्ही मागच्या छपराकडे गेलो. मुखवटा उतरला होता. तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कोरा चहा पीत होता आणि एक मुलगा त्याच्या कोपराला खोबरेल लावत होता. काकांना पाहताच तो पेला हातात धरूनच उठला. काकांनी ती खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मी बसले. बसता बसता काही खटकले असते तर बरे झाले असते. पण पाय दुखत होते आणि मी सरळ बसले. बसल्यावर काकांकरवी त्याला विचारले, की पुण्यात पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाचे किती घ्याल, निखारे अर्थातच नकोत. त्याने मंच किती रुंद आहे ते विचारले, मग आकडा सांगितला. तो आकडा मला स्वस्त वाटला आणि आनंद झाला. उठताना हात खुर्चीला लागला, तेव्हा तळव्यावरची हळद तिच्या दांडीला लागलेली दिसली.

तुम्ही म्हणाल, हा माझा अपराधभाव झाला, त्यात त्याचा काय दोष? त्याने तर होकार दिला होता. हे मीच स्वतःला शंभरदा बजावले आहे. गोंधळसुद्धा देवघरापुढून गॅदरिंगच्या मंचावर आला आणि आपण काही बिघडले म्हणत नाही. शिवाय मानधनाचा निर्णय त्याचा. त्याच्या कलेचे पावित्र्य राखायला मला कुणी नेमले? या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि पावित्र्याची भाषा करणारे बहुतेक जण कलावंताला चहासुद्धा विचारत नाहीत, हेही मी पाहिले आहे.

तरीही आमच्या मंचावर काय येईल ते मला दिसते: लाल रंग, चेंडा हा तिकडचा ढोल, मोबाईल, टाळ्या. ज्याच्यापुढे जमीनदार वाकतो तोच तासाभराने त्याच्यासाठी खुर्ची सोडतो, हे मात्र येणार नाही. आणि मला तिकडची संस्कृती जी काही कळली, ती तेवढ्या तासाभरातच कळली. तेही निवेदनात सांगता येईल, असे समितीतले एक जण म्हणाले. येईलही. पण मग त्या खुर्चीवर कोण बसले, तेही सांगावे लागेल.

यंदा खजिनदारांनी थेट आकडाच विचारला. तो मला पाठ आहे. मी म्हटले, हंगाम नसतो.