पाऊण तासाचा कांदा

पॅरिस मी पाहिलेलं नाही. फ्रेंच स्वयंपाक मी शिकले तो दुपारी सतरंजीवर आडवं पडून, ज्यूलिया चाइल्ड, सिमोन बेक आणि लुईझेत बेर्थोल या तिघींचं १९६१ सालचं जाडजूड पुस्तक पोटावर ठेवून. सातशेच्या वर पानं. त्यातली निम्मी गोमांस, बदकं आणि वाइन यांत बुडालेली, म्हणजे आमच्या शाकाहारी घरात ती नुसती वाचायची. मी कादंबरीसारखी वाचली.

या पुस्तकात साहित्याची यादी सुरुवातीलाच देऊन मोकळं होत नाहीत. पानाच्या डाव्या बाजूला जिन्नस, उजवीकडे कृती. जो जिन्नस ज्या पायरीला लागतो तो तिथेच. शेजारी उभं राहून कुणी ‘हं, आता मीठ’ म्हणावं तसं.

पहिला प्रयोग कांद्याच्या सूपाचा, कारण कांदा घरात होता. माप दीड पौंड, म्हणजे जवळजवळ ६८० ग्रॅम, पातळ उभा चिरलेला. लोणी आणि थोडं तेल. आता, आपल्या पाककृतींत ‘कांदा गुलाबी होईपर्यंत परता’ असतं आणि ते काम पाच-सात मिनिटांत उरकतं. इथे मंद आचेवर झाकून १५ मिनिटं. मग झाकण काढायचं, आच जरा वाढवायची, मीठ आणि चिमूटभर साखर घालून आणखी ३० ते ४० मिनिटं ढवळत राहायचं. मला वाटलं छपाईची चूक असेल.

चूक नव्हती. झाकणाखाली कांदा आधी पाणी सोडतो, मऊ पडतो, पातेल्यात नुसता रस दिसतो. हे पाणी आटेपर्यंत रंग येतच नाही. वीस मिनिटांनी तो पिवळट काचेसारखा, मग तांबूस, आणि पस्तिसाव्या मिनिटाला एकदम भराभर बदलायला लागतो. त्या वेळी मोबाइल हातात घेतलात तर संपलं. माझा पहिला घाणा असाच गेला: कडेचा कांदा काळा, मधला पांढरा, आणि घरभर असा वास की शेजारच्या काकू दार वाजवून विचारून गेल्या.

दुसऱ्या खेपेला सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. “अगं, अजून कांदाच परततेयस?”

“अहो आई, अजून दहा मिनिटं आहेत.”

“एवढ्या गॅसवर माझी आमटी, भात, भाजी झाली असती.”

हिशोब बरोबर होता.

पुढची पायरी मात्र मला माहेरासारखी वाटली. तपकिरी कांद्यावर तीन मोठे चमचे मैदा घालून तीन मिनिटं परतायचा आणि वर गोमांसाचा उकळता रस्सा ओतायचा. पिठल्यात आपण गुठळ्यांना भिऊन बेसन आधी पाण्यात कालवतो, किंवा हात दुखेस्तोवर पेरत पेरत घोटतो. फ्रेंच बायका पिठाला लोण्यात घोळतात. दाणा न् दाणा तुपकट झाला की पाणी पडल्यावर एकमेकांना चिकटत नाही, गुठळी धरत नाही. पांढऱ्या बेशामेल सॉसचंही गुपित एवढंच. वाचताना ही ओळ मी तीनदा ओलांडून गेले होते. हातात झारा आल्यावर कळली.

गोमांसाचा रस्सा नाही म्हणून गाजर, सेलरी, मिरी आणि तमालपत्र उकळून काढलेलं पाणी घेतलं. नाशिकची पांढरी वाइन अर्धा कप. ग्रुयेर चीजची किंमत बघून दुकानातून तशीच परत आले आणि फ्रिजमधले क्यूब किसले. अस्सल फ्रेंच माणसाने हे पाहिलं नाही, हे बरंच झालं. सूप चांगलं झालं, थोडं गोड. आपला लाल कांदा उग्र असतो ही भीती फुकट गेली. एवढा वेळ आचेवर राहिला की त्याचा सगळा तोरा उतरतो.

खरी गंमत सूप व्हायच्या आधीच झाली होती. मैदा घालायला वळले तर पातेल्यातला कांदा कमी दिसला. सासूबाई टेबलाशी बसून गरम पोळीवर तो चिकट, चहाच्या रंगाचा कांदा पसरून खात होत्या.

“तिखट हवं होतं जरा,” म्हणाल्या, आणि दुसरी पोळी घेतली.

हल्ली सूपाचा बेत असला की मी कांदा दीड किलो आणते.