व्हिक्सबर्गचा देखावा: नदी वाहती झाली, तटबंदी अर्धी बाकी

अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ मध्ये, उत्तरेच्या फौजेने मिसिसिपी नदीकाठचं दक्षिणेचं व्हिक्सबर्ग वेढा घालून घेतलं, त्याचा हा छोटा देखावा. नदी ओतून झाली. रेझिन सुकायला बराच वेळ लागला, पण रंग मनासारखा आलाय. मिसिसिपी निळी करायची नाही, हे आधीच ठरलं होतं. गाळाचं पाणी आहे ते, पावसाळ्यातल्या कृष्णेसारखं.

हे वळण कुणाला करायचं असेल तर आजचा उपग्रह नकाशा समोर घेऊ नका. १८७६ मध्ये नदीने समोरचं डी सोटोचं टोक कापून नवी वाट काढली. १८६३ मध्ये ती गावाला खेटून केसाच्या पिनेसारखी वळत होती, त्यामुळे प्रत्येक बोटीला वळणावर वेग कमी करून उंच कड्यावरच्या तोफांखालून जावं लागे. सगळी गोम त्या वळणात आहे. उत्तरेचा सेनापती ग्रँटने त्या टोकातून कालवा खणून वळण टाळायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे जे त्याला जमलं नाही ते नदीने स्वतःच केलं!

कडे थर्मोकोलचे थर कापून केलेत. तिथली लोएस माती (वाऱ्याने आणून साचवलेली बारीक माती) उभी कापली तरी ढासळत नाही, म्हणून उतार न देता सरळ कापत गेलो. वर पिवळट राखाडी रंग. याच मातीत गावकऱ्यांनी गुहा खणल्या आणि वेढ्यात तोफगोळ्यांपासून जीव वाचवला. सहा गुहा कोरल्यात, त्याहून बारीक काम माझ्या हाताला झेपत नाही.

'देखाव्यासाठी गेटिसबर्गची प्रसिद्ध लढाई का नाही घेतली?' हा प्रश्न ग्रुपवर पुन्हा आला. गेटिसबर्गला दक्षिणेचा सेनापती ली हरला, पण उरलेली फौज घेऊन व्हर्जिनियात परतला आणि पुढे पावणेदोन वर्षं लढला. इथे दुसऱ्याच दिवशी, ४ जुलै १८६३ ला, दक्षिणेच्याच पेंबर्टनने अख्खी फौज ग्रँटच्या हवाली केली, जवळपास २९,००० माणसं. पाच दिवसांनी नदीवरचं दक्षिणेचं शेवटचं ठाणं, पोर्ट हडसन, पडलं, नदी उत्तरेची झाली आणि टेक्सास, आर्कान्सा दक्षिणेपासून तुटले. माझ्या मते युद्ध फिरलं ते इथे. व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सला १८६५ च्या एप्रिलमध्ये लीने शरणागती दिली तीही ग्रँटलाच.

बोटी पुठ्ठ्याच्या. १६ एप्रिलच्या रात्री उत्तरेच्या पोर्टरचा ताफा तोफांखालून गेला, तोच प्रसंग मांडतोय. चिलखती बोटींसाठी उत्तरेच्या 'कैरो' बोटीचे फोटो फार उपयोगी पडले. ती १८६२ मध्ये सुरुंगाने बुडाली होती, १९६४ ला वर काढली आणि आता व्हिक्सबर्गच्या उद्यानात ठेवलीय. तिच्या जोडीच्या बोटी त्या रात्री ताफ्यात होत्या. तिरक्या भिंती, आत दडवलेलं वल्हेचाक, सगळं मोजून घेता येतं. काही बोटींवर बचावासाठी कापसाच्या गाठी रचल्या होत्या, त्या मी खऱ्या कापसाच्या केल्यात. (युद्धात अमेरिकेचा कापूस बाहेर जाईना, त्या टंचाईने मुंबईचे व्यापारी गब्बर झाले आणि १८६५ ला युद्ध संपताच शेअर बाजारासकट आपटले.) दक्षिणेच्या लोकांनी उजेडासाठी काठावरची घरं पेटवली होती, तिथे नारिंगी एलईडी लावलेत. एक लुकलुकत नाही, सर्किट तपासायचंय.

आता मिलिकन्स बेंड. हे ठिकाण नदीच्या वरच्या अंगाला, लुइझियानाच्या काठाला, म्हणून पाटाला वेगळा तुकडा जोडतोय. ७ जून १८६३ ला उत्तरेच्या फौजेत नुकत्याच भरती झालेल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी इथे संगिनी आणि बंदुकीच्या दस्त्यांनी दक्षिणेचा हल्ला थोपवला. त्यातले बहुतेक काही महिन्यांपूर्वीपर्यंत मळ्यांवर गुलाम होते. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या फौजेत आले. हा तुकडा वगळला तर वेढा नुसता तोफांचा खेळ वाटतो, आणि गुलामगिरीवरून पेटलेलं युद्ध कुणी संपवलं ते दिसतच नाही.

अडचण एकच: बाजारात मिळणाऱ्या १:७२ प्रमाणातल्या सैनिकांच्या संचांत मला हवे तसे चेहरे आणि हातघाईच्या पोझ नाहीत. म्हणून उत्तरेच्या साध्या पायदळाचे हात कापून, पुट्टीने नवे बसवतोय. त्वचेला एकच तपकिरी न लावता तीन-चार छटा वापरतोय. एवढ्या लहान हातांत संगीन पक्की बसवायला कुणी पितळेची तार वापरली असेल तर तिची जाडी सांगा.