डोळा न बघता घेतलेला मासा

बुधवार. दुपारपर्यंत पाऊस, मग उघडीप, मग परत पाऊस.

श्रावणात आमच्या घरी नुस्तें, म्हणजे मासे, शिजत नाहीत, आणि मी नेमके श्रावणातच दोन मासे घेऊन आलो. "श्रावणांत नुस्तें हाडलें?" आई दारातच म्हणाली. पिशवीत काय आहे ते तिला दिसत होतं, पण बोलायची संधी ती कशाला सोडेल!

शनिवारी मडगावहून आणलेले हे दोन ब्लॅक मूर. गोल्डफिशचीच जात, मखमलीसारखे काळे, डोळे जातीनेच बाहेर आलेले. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन आई टाकीपाशी उभी होती. "ह्याचा उजवा डोळा बघ. शिळ्या बांगड्यासारखा झालाय." वाकून बघितलं. बुबुळावर दुधाची पातळ साय धरल्यासारखं.

फोंड्याच्या मार्केटात बांगडा घेताना मी कल्ला उचलून बघतो, डोळा काचेसारखा नसेल तर सरळ पुढच्या पाटीकडे जातो. इथे बांगड्याच्या कितीतरी पट पैसे मोजले आणि डोळ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फुगीर डोळे म्हणजे ह्यांचं असंच असायचं, एवढंच डोक्यात.

दुकानदाराला फोन केला. निळं औषध टाका म्हणाला. मेहुण्याने टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायला सांगितलं. ती दोन्ही औषधं मी बाजूला ठेवली, कारण एकाच डोळ्याला झालंय. दोन्ही डोळ्यांना झालं असतं तर पाण्यावर किंवा आतल्या संसर्गावर संशय धरायचा; एकाच डोळ्याला म्हणजे बहुधा मार. माशाला पापणी नाही. बुबुळावर ओरखडा आला की गोडं पाणी आत शिरतं आणि ते पांढरं होतं. मूरला आधीच कमी दिसतं, आणि मी टाकीत मिरामारचे शिंपले मांडून ठेवलेले! कडेला बोट लावून बघितलं, चांगलीच धार होती. काढले सगळे.

तरी पाणी तपासलंच. नळीत पाच मिली पाणी, अमोनिया तपासायचे थेंब टाकले, हलवलं. पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवट झालं. अमोनिया. हे मात्र शंभर टक्के माझं पाप. पाहुणे येणार म्हणून शुक्रवारी फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून धुतला होता. आमच्या नळाला येणाऱ्या ओपाच्या पाण्यातलं क्लोरीन स्पंजातले बॅक्टेरिया मारतं, आणि माशांनी सोडलेला अमोनिया पचवणारे तेच तर असतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, हे मला दहा वर्षांपासून ठाऊक आहे. जखम असल्या पाण्यात कशी भरणार?

आता आजारी मूर वीस लिटरच्या टबात, एकटा. रोज पाव पाणी बदलतो, क्लोरीन उतरवायचे थेंब टाकून. परसातल्या विहिरीचं पाणी बिनक्लोरीनचं, पण ह्या दिवसांत ते चहासारखं लाल, म्हणून नको. डोळा जरा सुजल्यासारखा वाटला, तेव्हा एक चमचा एप्सम सॉल्ट, म्हणजे फार्मसीत मिळणारं जुलाबाचं मीठ, विरघळवून टाकलं. पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच परत घालायचं. एप्समने सूज उतरते. साधं मीठ त्या कामाचं नाही. फार्मसीत मागितलं तर पोऱ्याने हळूच विचारलं, "पोट साफ होत नाही काय?" मी हो म्हटलं. माशाचा डोळा कुठे समजावत बसू!

शुक्रवार, पुढच्या आठवड्यातला.

साय कडेने विरतेय. मधोमध मोहरीएवढा ठिपका उरलाय, कदाचित राहीलही. काल त्याने पहिल्यांदा दाणा नेमका टिपला. इतके दिवस बाजूलाच तोंड मारत होता. टाकीतल्या पाण्याची चाचणीही परत पिवळ्यावर आली. निळं औषध किंवा कॅप्सूल शेवटपर्यंत घातली नाही, आणि हात आवरणं हेच सगळ्यात जड गेलं. दर दोन तासांनी बॅटरी मारून बघत होतो, त्याने तो बिचारा आणखी बिथरायचा. आईनेच बॅटरी काढून घेतली.

नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. पहिल्या दिवशी पाळलं नाही, आता तरी पाळायचं ठरवलंय. अडचण एवढीच की टब आहे तिथेच चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधतात. काका रविवारी ती लाकडी चौकट धुवायला येणार आहेत. आईने दोनदा विचारलं, "तुझो पेशंट खंय व्हरतलो?" न्हाणीत नेला तर साबणाचं पाणी उडेल. जिन्याखाली काळोख, पण तिथे प्लगपॉइंट आहे.